महाराष्ट्राचे आकडे महाराष्ट्राला वाचता यावेत : मुंबईतील अर्थशास्त्राच्या अध्यापक-संशोधकांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील विद्यापीठे, संशोधन संस्था आणि महाविद्यालये येथील अर्थशास्त्र, सांख्यिकी व लोकसंख्याशास्त्र या विषयांचे अध्यापक आणि संशोधक

सप्रेम नमस्कार.

परळ भागातल्या एका रात्र कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकवतो. आपल्यापैकी अनेकांचे लेखन मी आवडीने वाचत आलो आहे आणि या पत्रातले मागणे आपल्याखेरीज दुसऱ्या कोणापाशी करता येण्यासारखे नाही, म्हणून हा जाहीर पत्रप्रपंच. मागणे थोडक्यात असे आहे, की मॅक्स रोझर या अर्थशास्त्रज्ञाने जगाच्या विकासाच्या आकडेवारीचे जे काम उभे केले, तसे काम महाराष्ट्राच्या आकडेवारीचे, मराठीतून, आपण हाती घ्यावे. आणि ते फावल्या वेळचा उद्योग म्हणून न करता अर्थशास्त्राचे रीतसर काम म्हणून करावे.

रोझर यांचे नाव आपल्याला नवे नाही. तरी हे पत्र आपल्याबरोबर इतरही वाचतील म्हणून थोडे सांगतो. जर्मनीत १९८३ साली जन्मलेले हे गृहस्थ भूविज्ञान, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र असा वळणावळणाचा अभ्यास करत ऑक्सफर्डला पोहोचले, विषमतेचे थोर अभ्यासक टोनी अॅटकिन्सन यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि २०१४ साली ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावरचे आकडे त्यांनी स्वतः घरोघर फिरून गोळा केलेले नाहीत. जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांच्या निरनिराळ्या संस्था, अँगस मॅडिसन यांच्यासारखे जुन्या दप्तरांतून देशोदेशीचे उत्पन्न काढणारे आर्थिक इतिहासकार, अशा अनेकांनी जमवलेले आणि ठिकठिकाणी विखुरलेले आकडे त्यांनी आणि पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जागी आणले, एकमेकांशी जुळवून पाहिले, त्यांचे आलेख केले आणि प्रत्येक आलेखाला हे आकडे कोठून आले, त्यांत नेमके काय मोजले आहे आणि त्यांवर कितपत विसंबता येईल याची टीप जोडली. आलेखामागचा तक्ता कोणालाही उतरवून घेता येतो, श्रेय दिले की वापरताही येतो, आणि आलेख ज्या संगणकीय आज्ञावलीने काढले जातात तीही खुली ठेवलेली आहे. स्वीडनमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून जन्ममृत्यूंची नोंद राखली गेली असल्यामुळे तिथल्या बालमृत्यूंचा अडीचशेहून अधिक वर्षांचा आलेख लालबागमध्ये बसलेला माझा विद्यार्थी मोबाइलवर पाहू शकतो. त्याच्या स्वतःच्या जिल्ह्याचा पन्नास वर्षांचा तसा आलेख त्याला पाहता येत नाही.

यात संशोधन कोणते, दुसऱ्यांचेच आकडे तर मांडले, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल आणि ते स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर २०२० साली कोविडच्या पहिल्या महिन्यांत मिळाले. कोणत्या देशात किती चाचण्या होत आहेत, हे सांगणारा एकही जागतिक तक्ता तेव्हा उपलब्ध नव्हता. रोझर यांच्या गटाने देशोदेशीच्या आरोग्य खात्यांची संकेतस्थळे आणि प्रसिद्धिपत्रके वाचून तो हाताने तयार केला. तो करताना लक्षात आले, की काही देश चाचणी झालेल्या माणसांची संख्या देत आहेत आणि काही देश तपासलेल्या नमुन्यांची. एकाच माणसाचे तीन नमुने तपासले गेले तर पहिल्या पद्धतीत एक आणि दुसऱ्या पद्धतीत तीन. हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणता देश पुढे आणि कोणता मागे असे सांगणे चुकीचे ठरले असते, म्हणून प्रत्येक देशापुढे तिथे काय मोजले जाते तेही त्यांनी लिहिले. पुढे लसीकरणाचा तक्ताही याच रीतीने उभा राहिला आणि सरकारांपासून वृत्तपत्रांपर्यंत सगळ्यांनी तो वापरला. माणसे आणि नमुने यांतला फरक ओळखणे, तो लिहून ठेवणे आणि आलेख पाहणाऱ्याच्या नजरेस येईल अशा जागी लिहिणे, हे जर अर्थशास्त्र-सांख्यिकीचे काम नसेल तर मग दुसरे कोणते आहे, हे मला खरोखर कळत नाही.

आपल्याकडे त्याच काळात काही स्वयंसेवकांनी मार्च २०२० पासून ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत देशभरातल्या राज्यांची रोजची पत्रके वाचून ‘कोविड१९इंडिया’ हा तक्ता चालवला. आणि मुंबईपुरते सांगायचे तर महापालिका रोज विभागवार पत्रक काढत असे, त्यात रुग्णसंख्या, चाचण्या, सील केलेल्या इमारती आणि रुग्ण दुप्पट होण्याचा कालावधी दिलेला असे, आणि मराठी वृत्तपत्रे ते छापत असत. दुप्पट होण्याचा कालावधी ही काही सोपी कल्पना नव्हे. घातांकी वाढीचे गणित त्यात दडलेले आहे. तरीही त्या दिवसांत चाळीच्या गॅलरीत उभे राहून माणसे आपल्या विभागाचा कालावधी किती दिवसांवर गेला याची चर्चा करत होती, आणि तो वाढला म्हणजे चांगले, हे कोणी त्यांना वेगळे शिकवले नव्हते. मराठी वाचकाला आकडे पेलत नाहीत, या समजुतीला त्यानंतर तरी काही आधार उरलेला नाही.

माझ्या वर्गातला एक अनुभव येथे सांगणे आवश्यक आहे, कारण अडचण नेमकी कोठे येते ते त्यावरून दिसते. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा दररोज २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली, आणि त्या नव्या रेषेनुसार भारतातील अतिदरिद्री लोकांचे प्रमाण २०११-१२ मधील २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आल्याचे जाहीर केले. वर्गात हे सांगताच दिवसभर पार्सले पोहोचवून आलेल्या एका मुलाने विचारले, की ३ डॉलर म्हणजे अडीचशे रुपये, आणि माणशी रोज अडीचशे रुपये तर आमच्या घरातही खर्च होत नाहीत, मग आम्ही अतिदरिद्री का? प्रश्न अगदी रास्त होता. हा डॉलर बँकेत बदलून मिळणारा डॉलर नसून अमेरिकेत एका डॉलरला जेवढे मिळते तेवढेच भारतात घ्यायला किती रुपये लागतील यावरून काढलेला आहे, आणि त्या हिशेबाने ३ डॉलर म्हणजे २०२१ च्या किमतींनुसार रोजचे साधारण साठ रुपये होतात, हे मी फळ्यावर मांडले. साठ रुपयांत वडापाव, चहा आणि लोकलचे भाडे कसे बसते ते मुलांनी स्वतःच मांडून पाहिले, आणि रेषा किती खाली आखलेली आहे हे त्यांना माझ्या व्याख्यानाशिवाय समजले.

नंतर दुसऱ्या मुलीने विचारले, की मग महाराष्ट्राचा आकडा किती आणि मुंबईचा किती. इथे मला लांबण लावावी लागली. २०११-१२ नंतर घरगुती खर्चाची जी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली तिचा अहवाल केंद्र सरकारने दर्जाचे कारण देऊन प्रसिद्ध केला नाही. पुढची पाहणी २०२२-२३ ची. मधल्या काळात प्रश्नावली आणि खर्च विचारण्याची पद्धत दोन्ही बदलल्या, त्यामुळे दोन टोकांचे आकडे शेजारी ठेवताना जपून राहावे लागते. ‘गेल्या तीस दिवसांत किती खर्च केला’ असे विचारले तर एक उत्तर येते आणि ‘गेल्या सात दिवसांत’ असे विचारले तर दुसरे, हे मुलांना पटकन पटते, कारण आपण काय खाल्ले ते महिन्यानंतर कोणाला आठवत नाही. हे सगळे आपण जाणता. आपल्यापैकी काहींनी यावर उत्तम निबंध लिहिले आहेत. ते इंग्रजीत आहेत, अनेकदा वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांतच मिळतात, आणि त्यांत हा मजकूर अकराव्या तळटिपेत असतो.

महाराष्ट्राचे आकडेच नाहीत, अशी तक्रार मी करत नाही. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाआधी राज्याची आर्थिक पाहणी मराठीतही काढते आणि जिल्ह्याजिल्ह्यांची सामाजिक-आर्थिक समालोचनेही प्रसिद्ध करते. रिझर्व्ह बँक राज्यांविषयीची सांख्यिकी पुस्तिका विनामूल्य देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून वेळोवेळी होत आली आहे आणि तिचे मध्यवर्ती काम पाहणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तर आपल्या गोवंडी-देवनारला आहे. म्हणजे धान्य कोठारात आहे. दळणकांडण कोणी करायचे एवढाच प्रश्न आहे, आणि ते आपल्यावाचून कोणाला येत नाही.

गोवंडीचा उल्लेख आला म्हणून थोडे तिथेच थांबतो. ही संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था ज्या विभागात आहेत तो महापालिकेचा एम-पूर्व विभाग. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात शहरातल्या सर्व विभागांत मानवी विकासात सर्वांत खाली असलेला विभाग हाच. देशभरच्या बालकांची उंची-वजने ज्या आवारात एकत्र होतात, त्या आवाराच्या कुंपणापलीकडच्या शिवाजीनगर, मानखुर्दच्या बालकांचे आज काय चालले आहे, हे मात्र कुटुंब आरोग्य पाहणीतून कळत नाही. कारण ती पाहणी जिल्ह्यापर्यंतच उतरते, आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी २४ लाख वस्तीच्या या शहरासाठी तिच्या तक्त्यात मुंबई आणि मुंबई उपनगर अशा दोनच ओळी असतात. वरळीचा टॉवर आणि वरळीचा कोळीवाडा एका ओळीत, पवई आणि मानखुर्द दुसऱ्या. यात पाहणी करणाऱ्यांचा दोष नाही. नमुन्याचा आकार तेवढाच असतो आणि त्याहून खाली उतरले तर आकड्याला अर्थ राहत नाही. पण हेच वाक्य, की या आकड्यावरून तुमच्या वस्तीविषयी काही सांगता येत नाही आणि का येत नाही, कोणीतरी मराठीत आकड्याशेजारी लिहिले पाहिजे. आमदार, नगरसेवक आणि पत्रकार ‘मुंबईत इतके टक्के’ म्हणून बेधडक बोलतात, ते बरेचदा अशी टीप जवळ नसल्यामुळे.

टीप नसली की काय होते याचे आणखी एक उदाहरण. पाच वर्षांखालील ज्या बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आहे त्यांचे महाराष्ट्रातले प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत ३४.४ टक्के होते आणि २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२ टक्के. याच काळात देशाचे प्रमाण ३८.४ वरून ३५.५ वर आले. म्हणजे देश पुढे सरकला आणि आपण, नमुन्याच्या चुकीची मुभा ठेवली तरी, जागच्या जागी राहिलो. पूर्वी देशाच्या सरासरीच्या बऱ्याच पुढे असलेले हे राज्य २०१९-२१ मध्ये जेमतेम तिच्या बरोबरीने उभे होते. पाहणीच्या नावात २०२१ असल्यामुळे हा कोविडचा परिणाम असावा असे सहज बोलले जाते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातले घरोघरचे काम २०१९ च्या उत्तरार्धातच उरकले होते; टाळेबंदी त्यानंतरची. एवढी एक तारीख आलेखाखाली मराठीत छापलेली असती तर ही सबब कोणाला पुढे करता आली नसती. उलट बाजूही सांगायला हवी. देशात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण १९९२-९३ च्या पाहणीत हजारी १०९ होते, ते २०१९-२१ मध्ये ४२ वर आले. एका पिढीच्या आत झालेला हा केवढा बदल आहे, आणि आपल्या घरातल्या आजी-पणजीच्या बोलण्यातून मेलेल्या लेकरांचा उल्लेख कसा विरत गेला ते आठवले तर तो खराही वाटतो. पण त्याची बातमी कधीच झाली नाही, कारण तो कोणत्याही एका दिवशी घडलेला नाही. रोझर यांचे म्हणणे हेच आहे. १९९० ते २०१५ या पंचवीस वर्षांत, त्या वेळच्या रेषेनुसार, जगात अतिदारिद्र्यातल्या लोकांची संख्या दररोज सरासरी सव्वा लाखाहून अधिकाने घटत होती आणि त्यांतल्या एकाही दिवशी ती पहिल्या पानावर आली नाही.

आता कामाच्या अवघड भागाकडे येतो. महाराष्ट्राची जिल्हावार लांब कालमालिका, म्हणजे वर्षानुवर्षांचे आकडे एका ओळीत, लावायची म्हटली की पहिलीच अडचण अशी, की १९६० साली राज्यात २६ जिल्हे होते आणि आज ३६ आहेत. १९८१-८२ मध्ये सिंधुदुर्ग, जालना, लातूर आणि गडचिरोली झाले, १९९० मध्ये मुंबई उपनगर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वाशिम, नंदुरबार, हिंगोली आणि गोंदिया, आणि २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर. त्यामुळे ‘ठाणे जिल्हा’ असे लिहिलेल्या २०११ च्या ओळीत जव्हार-मोखाडा आहे आणि २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतल्या त्याच नावाच्या ओळीत नाही. दोन्ही ओळी जोडून कोणी ठाण्याचे कुपोषण घटले असा आलेख काढला, तर तो कुपोषण घटल्याचा नव्हे, आदिवासी तालुके नकाशावर पलीकडे गेल्याचा आलेख होईल. रोझर यांच्या गटाला सोव्हिएत संघाच्या किंवा पाकिस्तान-बांगलादेशाच्या बाबतीत हाच प्रश्न सोडवावा लागतो. जुने जिल्हे तालुक्यांपासून नव्याने बांधून दोन्ही काळांसाठी एकच सीमा धरणे हे किचकट आणि वेळखाऊ काम आहे. ते शासनाच्या वार्षिक प्रकाशनात व्हावे अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही आणि एकट्यादुकट्या शिक्षकाच्या आवाक्यातलेही ते नाही. आपल्यापैकी कित्येकांनी आपापल्या प्रबंधासाठी ते एकदा तरी केलेले आहे. ते तक्ते कोणाच्या तरी संगणकात पडून आहेत, आणि पुढचा विद्यार्थी ते पुन्हा पहिल्यापासून करत आहे.

या शहराला हे काम परके नाही, हेही सांगितले पाहिजे. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजी यांनी १८७६ साली भारताच्या दारिद्र्यावरचा जो निबंध वाचला, त्यातला माणशी वार्षिक वीस रुपये उत्पन्नाचा आकडा त्यांनी सरकारच्याच १८६७-६८ च्या सुमाराच्या कारभारविषयक अहवालांतून काढला होता. काढताना त्यांच्या ध्यानात आले, की अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांचे पिकांचे उतारे आणि भाव नुसते मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागत आहेत. कोठे लागवड किती आणि पीक किती याची दखलच नाही. ही सरासरी खोटी आहे हे त्यांनी दाखवून दिले, हिशेब नव्याने केला, आणि निघालेला आकडा तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार जो खर्च करते त्याच्याशेजारी नेऊन ठेवला. आकडा सरकारचा, दुरुस्ती दादाभाईंची आणि तुलना अशी की वाचणाऱ्याला दुसरे स्पष्टीकरण लागू नये. आलेख काढण्याचे साधन तेवढे त्यांच्यापाशी नव्हते.

त्याच मुंबईत १९२१ साली महापालिकेच्या नोंदींनुसार अर्भकमृत्यूंचा दर हजारी साडेसहाशेच्या वर गेलेला दिसतो. आकडा अंगावर येतो, आणि एका खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगारांच्या कुटुंबांत परिस्थिती भीषण होती यात शंकाच नाही. परंतु त्या काळी अनेक बायका बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जात. जन्माची नोंद तिकडे, किंवा कोठेच नाही, आणि मूल घेऊन परत आल्यावर ते दगावले तर मृत्यूची नोंद इकडे. त्यामुळे भागाकारातला छेद लहान राहून दर फुगत असे. हे त्या वेळच्या जाणत्यांनाही ठाऊक होते. आज तो आकडा टिपेशिवाय सांगणे म्हणजे कामगारांचे हाल वाढवून सांगणे, आणि टीप आहे म्हणून तो आकडाच टाकून देणे म्हणजे ते लपवणे. दोन्ही टाळून तो कसा सांगावा, हे शिकवणारी माणसे आपणच आहात.

रोझर यांच्या कामावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते मी हलके मानत नाही. २०१९ च्या आरंभी बिल गेट्स यांनी त्यांचा जगाचे दारिद्र्य दोनशे वर्षांत कसे घटले हे दाखवणारा आलेख प्रसृत केला, तेव्हा जेसन हिकेल या मानववंशशास्त्रज्ञाने जाहीर हरकत घेतली, की १९८१ पूर्वीच्या काळासाठी घरगुती पाहण्यांचे पुरेसे आकडेच नाहीत, आणि रेषा इतकी खाली आहे की तिच्या वर येणे म्हणजे सुखवस्तू होणे नव्हे. वसाहतींत जमीन, जंगल आणि गायरान गेल्यावर हातात रोकड आलेला माणूस उत्पन्नाच्या तक्त्यात वर चढतो, हा त्यांचा मुद्दा तर दादाभाईंच्या गावात सहज समजावा. माझे मत विचाराल तर या वादात रेषेविषयी हिकेल यांचे म्हणणे मला पटते, आणि बालमृत्यू, साक्षरता, आयुर्मान यांचे आलेख एकत्र पाहिले तर सुधारणा खरी आहे हे रोझर यांचे म्हणणेही नाकारता येत नाही. पण हा वाद होऊ शकला तो आकडे, व्याख्या आणि हिशेब सगळे उघड्यावर होते म्हणून. कोणालाही तेच तक्ते घेऊन दुसरी रेषा आखून पाहता आली. बंद दप्तरावर असा वाद होत नाही, फक्त संशय वाढतो. त्याच रोझर यांनी, हॅना रिची या सहकारी संशोधिकेसह, सदस्य देशांच्या पैशांवर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने आपली तपशीलवार आकडेवारी विकत न देता खुली करावी अशी जाहीर मागणी केली होती. अभ्यासकांनी अशी मागणी करायची असते. आपण ती सरकारकडे करावी, आणि आपल्या स्वतःच्या संगणकांकडेही करावी.

अडचणी कोणत्या येतील तेही दिसते. पदोन्नतीच्या गुणांकनात शोधनिबंध मोजला जातो, मराठीत नीट मांडलेला तक्ता मोजला जात नाही. हे बदलणे माझ्या हातात नाही; विभागप्रमुख, अभ्यास मंडळांचे सदस्य आणि कुलगुरू यांच्या काहीअंशी आहे, आणि त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असतील तर पदव्युत्तर वर्गाचा एक प्रकल्प दरवर्षी एखाद्या जिल्ह्याची एखादी मालिका स्वच्छ करून, टिपांसह प्रसिद्ध करण्यासाठी राखून ठेवणे एवढे तरी त्यांना करता येईल. पैशाची बाब यात मोठी नाही. साधने विनामूल्य आहेत. रोझर यांची आज्ञावलीसुद्धा.

भाषेविषयी एवढेच, की मजकूर आधी इंग्रजीत करून मग कोणाकडून तरी मराठीत उतरवून घेण्याची चाल येथे चालणार नाही. दशलक्ष आणि अब्ज हे वाचकाच्या डोळ्यांपुढे काही उभे करत नाहीत. लाख आणि कोटी करतात. ‘स्टंटिंग’चा शासकीय प्रतिशब्द छापून भागत नाही; वयाच्या मानाने उंची कमी असलेले मूल, असे लिहिले की अंगणवाडी सेविकेलाही त्यात आपले काम दिसते. आणि अंगणवाडी सेविका हा या कामाचा वाचक आहे, तसेच ग्रामपंचायतीचा सदस्य, तालुक्याचा वार्ताहर, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आणि माझा रात्रीचा वर्गही. सुरुवातीला निर्देशक थोडे घ्यावेत: बालमृत्यू, मुलांची उंची, मुलींच्या लग्नाचे वय, शाळेतली गळती, नळाचे पाणी, कामावर असलेल्या स्त्रियांचे प्रमाण. प्रत्येकाची जेवढी मागे जाईल तेवढी मालिका, सीमा जुळवलेल्या, आणि जिथे जुळत नाहीत तिथे रेघ तोडून तसे सांगितलेले. चूक सापडली तर ती तारखेसह उघड दुरुस्त करावी. यातले काहीच भव्य नाही.

वेळेचे मात्र भान ठेवावे लागेल. २०२१ ची जनगणना झाली नाही, आणि नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरलेला आहे. तिचे आकडे जेव्हा येऊ लागतील तेव्हा सोळा वर्षांनंतर प्रथमच महाराष्ट्राची गावनिहाय आणि मुंबईची विभागनिहाय मोजणी हाती येईल, आणि पहिल्याच आठवड्यात जो तो आपल्या सोयीचे दोन आकडे उचलून त्यांच्यामध्ये रेघ ओढील. त्या दिवशी २०११ चे, २००१ चे आणि १९९१ चे आकडे आजच्या सीमांवर बसवून, मराठी टिपांसह, कोणालाही उतरवून घेता येतील असे तयार असले, तर त्या रेघा तपासून पाहता येतील. त्यासाठी जुन्या जनगणनांची तालुका पातळीवरची पुस्तके आतापासून तक्त्यांत उतरवायला हवीत. माझ्या वर्गातली मुले रात्री दहानंतर आणि रविवारी हे उतरवण्याचे काम करायला तयार आहेत. मी त्यांना विचारले आहे. कोणता तालुका कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात होता हे ठरवून देणारे आणि त्यांनी उतरवलेले तपासणारे कोणी आपल्याकडून मिळाले, तर पालघर-ठाण्यापासून सुरुवात करावी, अशी माझी सूचना आहे.

आपला,
रात्र कनिष्ठ महाविद्यालयातील अर्थशास्त्राचा एक शिक्षक
परळ, मुंबई